जेवायचा हात

श्रीरंग गेला हे कळलं तेव्हा मी बडोद्याबाहेर नंदेसरीला कामावर निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये होते. त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन. "ताई, हे उठतच नाहीयेत..." डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण माझा धाकटा भाऊ, विमानाचा कॅप्टन, त्याच्या कितीतरी आधी खचला होता आणि आम्ही सगळे ते नुसते बघत होतो.

श्रीरंग जन्माचा डावखुरा. जेवायचाही डाव्या हाताने. आईने त्यावरून त्याला कधी दटावलं नाही. बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांत त्याची कुजबुज व्हायची. लहानपणी त्याला उजवं-डावं शिकवलं ते शेजारच्या कोकिलाबेननी, गुजरातीत. "जमणो हाथ एटले जे हाथे जमीए ते." उजवा म्हणजे जेवायचा हात! पोराने इमानदारीत आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तेच डोक्यात बसलं. शाळेत कवायतीला अख्खी रांग उजवीकडे वळायची आणि हा एकटा सगळ्यांकडे तोंड करून उभा. आम्ही हसून लोळायचो. पुढे तो वैमानिक झाला आणि ती गल्लत सुटली असं त्यानेही धरलं. वर आकाशात दिशा आकड्यांत सांगतात, तिथे माझं काही अडत नाही, म्हणायचा.

अडलं ते जमिनीवर. उत्तरेतल्या एका विमानतळावर, धुक्यातल्या सकाळी, धावपट्टीकडे विमान नेताना. नेहमीचा मार्ग कामासाठी बंद होता. टॉवरने आयत्या वेळी दुसरी वाट सांगितली, उजवीकडे वळा. श्रीरंगने ते बिनचूक परत म्हणून दाखवलं आणि विमान वळवलं डावीकडे, थेट चालू धावपट्टीवर. सहवैमानिक मान खाली घालून चेकलिस्ट बघत होता. उतरत आलेलं दुसरं विमान टॉवरने ऐन वेळी पुन्हा वर घ्यायला लावलं... "ताई, तोंडाने मी राइटच म्हटलं गं," घरी आल्यावर तो मला म्हणाला. "वळताना शंका आली होती. अशा वेळी थांबून विचारायचं असतं, नव्या पोरांना मीच शिकवतो. पण मागे विमानांची रांग लागली होती. लाज वाटली."

चौकशीत त्याने काही लपवलं नाही. त्याचं विमान चालवणं बंद झालं. कोणाला साधं खरचटलंही नाही, असं जो तो त्याला समजावत राहिला. मला त्या समजावण्याचा संताप यायचा. माझा भाऊ डोळ्यांदेखत संपत चालला होता, ते कोणाच्या गावीही नव्हतं! त्याने उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण वरणभाताचा घास तोंडापर्यंत जाईना, शर्टावर सांडायचा. आई कळवळायची. "अरे, तुझ्या हाताने जेव ना रे."

"त्या हाताने माणसं मेली असती, आई."

मग तो अर्धपोटीच उठू लागला. मी ओरडले, रडले, त्याचे पाय धरले, डॉक्टरांकडे नेलं... काही म्हणता काही उपयोग झाला नाही.

तेराव्याला त्याच्या नावाचं पान आईने स्वतः वाढलं. गुरुजी हळूच म्हणाले, "काकू, पान उलटं वाढलंय. भाजी डावीकडे गेली, चटणी उजवीकडे." मी ते नीट करायला वाकले. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे. आता तरी त्याला त्याच्या हाताने जेवू दे."