खाजऱ्याचा तिसरा हात

माझी मावशी शिंपीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान होतं. खोली एवढीशी, की गिऱ्हाईक आत आलं की मी स्टूल घेऊन बाहेर. मावशीची जीभ तिखट, पण तिने लावलेली बाही खांद्यावर बसली की बसली.

तीसेक वर्षांपूर्वी तिच्याकडे एक तरुण आला. डोक्यावर कायम टोपी, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव टोपीवाला. त्याला सिनेमा काढायचा होता. परग्रहावरचा राक्षस पृथ्वी जिंकायला येतो आणि फजिती होऊन परत जातो, एवढीच गोष्ट. हाताशी काही नव्हतं. यान म्हणून पाण्याची जुनी टाकी दोरीला टांगली होती. राक्षसाचा पोशाख मावशीने गादीच्या खोळी जोडून, आत फोम भरून शिवला.

थोडं कापड उरलं. मावशी म्हणाली, "याला पाठीवर एक हात लावू का? बिचाऱ्याला पाठ खाजवायला होईल."

टोपीवाला हसून हसून जमिनीवर बसला. त्याने गोष्टच बदलली. राक्षसाला पृथ्वीच्या हवेने खाज सुटते, तिन्ही हात खाजवण्यात गुंततात आणि बंदूक उचलायला एकही हात उरत नाही.

सिनेमा आठवड्यात उतरला. टोपीवाल्याने एका मासिकात मुलाखत दिली. "आमची शिंपीण अर्धी आंधळी होती," तो म्हणाला, "सगळे टाके बाहेर दिसतात बघा. तिसरा हात मात्र माझ्या डोक्यातून आला."

टाके दिसत होते, कारण अस्तर लावायच्या आधीच तो पोशाख ओढून घेऊन गेला होता. पण हे कोण ऐकणार? शेजारच्या शाळेचे गणवेश मावशी अकरा वर्षं शिवत होती. पोशाख कुणी शिवला ते मुख्याध्यापकांना ठाऊक होतं; त्यांनी मुलाखत वाचली आणि ते काम दुसरीकडे गेलं. मावशी रडली नाही. "याला मी सोडणार नाही," एवढंच म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला, माझ्याकडे बघत.

मग अजबच झालं. पडलेला सिनेमा लोकांनी उचलून धरला. त्यातल्या राक्षसाला आता सगळे 'खाजऱ्या' म्हणतात. दरवर्षी एका जुन्या थिएटरात दुपारचा खेळ लागतो. लोक पाठीवर कापडी हात बांधून येतात, संवाद पात्रांच्या आधी म्हणतात, टाकीची दोरी दिसली की टाळ्या वाजवतात. आमच्याकडे असा हात शिवून घ्यायला आलेल्या एका नर्सने तो सिनेमा घरी आणि थिएटरात मिळून चौतीस वेळा पाहिला होता. मी विचारलं, "इतकं काय आहे त्यात?"

"अहो, वॉर्डात दिवसभर सगळं बरोबरच असावं लागतं," ती म्हणाली. "इथे सगळं चुकतं, तरी त्यांचं चाललेलंच असतं. मला फार बरं वाटतं. आणि त्या आंधळ्या शिंपिणीचा किस्सा! दरवर्षी टोपीवाले स्टेजवर सांगतात. नुसता हशा पिकतो."

मावशीने मान वर केली नाही. तो हात तिने असा शिवला, की बोटं वाकवली तर वाकलेली राहायची.

आणि नर्सच्या पाठीवरचा तो हात बघूनच टोपीवाला स्वतः दुकानात आला. पोट सुटलेलं, टोपी तीच. पंचविसाव्या वर्षाच्या खेळाला त्याला स्वतः खाजऱ्या बनून स्टेजवर जायचं होतं. जुना पोशाख उंदरांनी खाल्ला होता. त्याने ना दुकान ओळखलं, ना पिकल्या केसांच्या मावशीला.

"त्या जुन्या आंधळ्या शिंपिणीसारखं करू नका हं, बाई," तो हसत म्हणाला.

"नाही करणार," मावशी म्हणाली आणि त्याच्या गळ्याचं माप घेतलं.

खेळाच्या दिवशी स्टेजमागच्या खोलीत तिने त्याला स्वतः पोशाख चढवला. "झिप फोटोत दिसते," असं सांगून पाठ मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने शिवून टाकली. हातमोजे बाह्यांना शिवले. मुखवटा तेवढा सुटा ठेवला. आत अस्तर होतं पोत्याचं.

सिनेमा संपला. टोपीवाला मुखवटा काखेत धरून बोलायला उभा राहिला. दहा मिनिटांत घामाने निथळला. पोतं टोचायला लागलं. तो अंग घासू लागला, लोक हसून लोळू लागले. त्याने विंगेत बघून खूण केली. मावशी कात्री घेऊन शांतपणे चालत स्टेजवर गेली.

"कापा ना, बाई!"

"आधी सांगा, तिसरा हात कुणी सुचवला?" माइक त्याच्या तोंडासमोरच होता.

"मीच! म्हणजे… अहो, गंमत पुरे."

"मी ती आंधळी शिंपीण. नीट बघा माझ्याकडे."

त्याने बघितलं. चेहरा उतरला. "तुम्ही सुचवला," तो पुटपुटला आणि लोकांकडे बघून डोळा मारला. पुन्हा हशा.

मावशीने कात्री मिटली. "हसण्यावारी नेऊ नका. टाके का दिसत होते तेही सांगा. मला घाई नाही."

तो धापा टाकत होता. विंगेत माझ्या ओठांवर "मावशी, पुरे," असं आलं. पण शाळेचं काम गेल्यावर तिने काढलेली वर्षं मी पाहिली होती. मी पडद्याआडच उभी राहिले.

शेवटी तो म्हणाला, "अस्तर लावायच्या आधी पोशाख मीच नेला. हात त्यांनीच सुचवला. मी पंचवीस वर्षं खोटं बोललो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सभागृहात कुणीच हसलं नाही, टाळीही वाजवली नाही.

मावशीने मग पोशाख कापला. शिवणीवर नाही, मधोमध, चांगल्या कापडातून, म्हणजे तो पुन्हा कुणाला घालता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मावशी, माफ करा. घरी येऊन पाया पडतो."

"येऊ नका," ती म्हणाली. "मी माफ केलेलं नाही." आणि मला डाळ बघायला सांगितलं, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

तेव्हापासून टोपीवाला खेळाला येत नाही. मावशी मात्र जाते. लोक तिला पहिल्या रांगेत बसवतात, सह्या मागतात, तीही खुशाल देते. मागच्या वर्षी मी न राहवून म्हटलं, "बिचारा स्वतःच्याच सिनेमाला येऊ शकत नाही गं."

"हो ना," मावशी म्हणाली आणि पडद्यावर टाकी हलताना बघून जोरात टाळ्या वाजवू लागली.