कुलूपवाल्याला कोंडताना

माझे बाबा कुलूपवाले. बाजाराच्या तोंडाशी जेमतेम माणूस मावेल एवढं त्यांचं दुकान होतं. कानशी, तारा, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि मध्ये बाबा. कुणी घरात अडकलं की लोक त्यांना बोलावून न्यायचे. बाबा आधी दार ठोठावून आतल्या माणसाला सांगायचे, "घाबरू नका, आलोय मी," आणि मगच हत्यारांना हात घालायचे. अशा बापाच्या पोटी मी निपजलो, ज्याला बरणीचं झाकण उघडायलाही बायको लागते. मी कोर्टात टंकलेखक झालो. माणसाला डांबून ठेवणं, पळवून नेणं, असले गुन्हे दिवसभर टाइप करतो. "मर्जीविरुद्ध" हा शब्द तर माझी बोटं झोपेतही टाइप करतील.

दुकान बंद केल्यावर बाबा विसरायला लागले. एकदा भाजी आणायला म्हणून गेले आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बसथांब्यावर, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले सापडले. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नवराबायको कामावर निघालो की मी बाहेरून दाराला कुलूप लावायचो आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या खिशात टाकायचो. दारातच बसवलेलं कुलूप, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. ते बाबांनीच बसवलं होतं, पण एवढा विचार करायला डोकं लागतं. बाबांना मी विचारलंही नाही. इतकी वर्षं कायद्याच्या सहवासात काढल्याचा हा फायदा.

गेल्या महिन्यात एके दिवशी कोर्टातलं काम लवकर आटोपलं. घरी आलो तर दार कुलूपबंद. उघडलं तर आत बाबा नाहीत. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, घाईघाईत फ्रिजही उघडला. खिडक्यांना गज. बंद घरातून माणूस नाहीसा झाला म्हणजे कुणीतरी पळवून नेलं, हे मी दिवसभर जे टाइप करतो त्यावरून ठरवून टाकलं. सवयीने पुन्हा कुलूप लावलं आणि पोलीस ठाणं गाठलं.

हवालदार ओळखीचा होता.

"बंद घरातून गेले? कुलूप कुणी लावलं होतं?"

"मीच."

"वडील आत असताना?"

"हो."

"त्यांना चालत होतं ते?"

"विचारलं नव्हतं."

त्याने पेन खाली ठेवलं. "भाऊसाहेब, तुम्ही तक्रार देताय की कबुलीजबाब?"

एरवी मी शरमेने मेलो असतो. पण बाबा आता कुठल्या बसथांब्यावर बसले असतील, एवढंच मी त्याला विचारत राहिलो. हवालदाराला दया आली असावी. "मी थांब्यांवर माणूस पाठवतो," तो म्हणाला, "तुम्ही आधी घर परत बघा."

दार तसंच कुलूपबंद होतं. आत खुर्चीत बसून बाबा चहा पीत होते.

"आज लवकर आलास?"

"तुम्ही कुठे होतात?"

"कोपऱ्यावरच्या बागेत. रोज जातो. तिथल्या बाकावरून आपल्या घराची मागची बाजू दिसते, त्याच्या पलीकडे जात नाही." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक वाकवलेली तार काढून दाखवली.

"मग आल्यावर पुन्हा कुलूप कशाला लावता?"

"तुझ्यासाठी. दार बंद दिसलं की तुझा जीव भांड्यात पडतो."

मला रडू आलं. आधी हवालदाराला फोन केला, मग सगळ्या किल्ल्या बाबांपुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलून माझ्या हातात दिली.

"ही राहू दे. मी विसरतो, ते काही खोटं नाही. ज्या दिवशी मला हे तारेने उघडता येणार नाही, त्या दिवशी लाव. तोवर नको."

आता रोज सकाळी मी निघायच्या आधी बाबा आतून कुलूप लावतात आणि तारेने उघडून दाखवतात. मी चपला घालून शेजारी उभा असतो. आज तार बराच वेळ नुसती फिरत राहिली. खिशात किल्ली असूनही मी मनातल्या मनात त्या कुलपाच्या विनवण्या करत होतो.

"घाबरू नको," बाबा दाराकडे बघतच म्हणाले.

मग कुलूप उघडलं.