उरलेल्या गोळ्या

या हिवाळ्यात आमच्या सोसायटीची सहल चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या रस्त्यालगतच्या एका पेंटबॉलच्या मैदानावर गेली. तोंडावर संरक्षक मास्क चढवून जुने टायर आणि तेलाचे रिकामे ड्रम यांच्या आड लपायचं आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने रंगाच्या गोळ्या मारायच्या. अंगावर रंग फुटला की बंदूक वर धरून आपणहून बाहेर जायचं. समोरच्या टोकाचा झेंडा जो संघ उचलेल तो जिंकला. प्रत्येकाला पन्नास गोळ्या.

मी चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. वाया गेलेला प्रत्येक नग मोजणं हेच माझं काम. पहिल्या तीन-चार गोळ्यांतच मला कळलं, की ही बंदूक सरळ मारत नाही. गोळी हलकी, पातळ कवचाची. थोडं लांब गेली की वीतभर फिरते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. ठरावीक चूक असती तर नेम तेवढा सरकवून घेतला असता. इथे उपाय एकच, अंतर कमी ठेवणं. म्हणून मी एका ड्रममागे बसून राहिलो आणि माणूस जवळ आला, पूर्ण दिसला, तरच घोडा दाबायचा असं ठरवलं. बारा गोळ्यांत पाच जण बाद केले. मनातल्या मनात मी खूश होतो.

आमच्या संघात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते. घराणं इथलं जुनं, भोसरीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते दिसेल तिकडे मारत सुटले होते. मी त्यांना म्हणालो, तीस गोळ्या संपल्या तुमच्या, एक तरी लागली का?

"न्हाई लागली तर न्हाई. मुंडकी तर खाली ऱ्हात्यात त्यांची," ते म्हणाले. "तुमी काय, घरी न्यायच्यात व्हय गोळ्या, राव?"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. थोड्या वेळाने भाऊ बाद झाले तेव्हा मला ते रास्तच वाटलं.

शेवटी आमच्याकडून मी आणि माझी बायको असे दोघंच उरलो. ती खरं तर येणारच नव्हती, मीच आग्रहाने आणलं होतं. ती वाकून माझ्या ड्रमपाशी आली. समोरचे दोघं उरले होते, टायरांच्या ढिगामागे. झेंड्यापर्यंत मधे सगळं उघडं मैदान.

"मी पळते," ती म्हणाली. "तुम्ही टायरांवर मारत राहाल ना? त्यांनी डोकं वर काढायला नको."

"पळ तू. मी आहे."

ती पळाली. चाळिशी उलटलेली बाई, गुडघ्याची तक्रार असलेली, पण चांगली पळत होती. मी टायरांवर नेम धरला. तिथे कुणीच दिसत नव्हतं. दिसत नसताना मारायचं म्हणजे आठ-दहा गोळ्या नुसत्या रबरावर. बोट घोड्यावर होतं आणि मी डोकं दिसायची वाट बघत राहिलो. डोकी दिसली ती दोन्ही एकदम, आणि त्यांच्या बंदुका तिच्यावर रोखलेल्या होत्या. मी एक गोळी मारली, ती वरून गेली. तिला दोन लागल्या. एक खांद्यावर, एक मास्कच्या खाली मानेवर.

तिने बंदूक वर धरली आणि मागे वळून पाहिलं. ज्यांनी मारलं त्यांच्याकडे नाही, माझ्या ड्रमकडे. मास्कमुळे चेहरा दिसला नाही.

माझ्या बंदुकीत सदतीस गोळ्या शिल्लक होत्या. ती तिथे मान धरून उभी असताना माझ्या मनात आधी आलं ते हे, की तेरात पाच, म्हणजे हिशेब अजून वाईट नाही. तिला लागल्याचं त्यानंतर आलं. हा क्रम मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या डावाआधी ती माझ्यासमोरच भाऊंकडे गेली. "भाऊ, मी निघाले की तुम्ही मारत राहा," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाऊंनी अख्खी बंदूक रिकामी केली. कुणालाही लागली नाही, आणि ती झेंडा घेऊन आली. त्या वेळी दुसऱ्या बाजूने मीही गोळ्या संपेपर्यंत मारत होतो. त्या गदारोळात ते तिला कळायचं कारण नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी आल्यावर मेहुणीचा फोन आला. मानेवर सुपारीएवढा काळानिळा वण उठला होता. बायकोने बहिणीला सगळी गंमत सांगितली. वण कसा पडला तेही सांगितलं. म्हणाली, "अगं, मीच घाईने निघाले. यांना नेम धरायला वेळच मिळाला नाही."

मी समोर खुर्चीत बसलो होतो. फोन ठेवल्यावर म्हणालो, "तू घाईने निघाली नव्हतीस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि आरशात बघून मानेला मलम लावत राहिली.