वाटून आणलेली खुर्ची

गल्लीत त्यांना सगळे मामाच म्हणत. डोक्यावर चार केस उरलेले आजोबा म्हणत, "मामा, जरा सांभाळून"; आणि त्यांचा नातू पहिल्यांदा कात्री बघून भोकाड पसरे, तोही रडत रडत "मामा, नको" असंच म्हणे. त्यामुळे मामांची बायको आपोआप मामी झाली. तिला त्यात कोणी विचारलं नव्हतं, पण तिने ते नातं मालकी हक्काने वापरलं.

मामांचं दोन खुर्च्यांचं सलून. एका खुर्चीवर ते, दुसरीवर वीस वर्षांपासूनचा कारागीर. हातात कात्री असली की मामांना जगातल्या कुठल्याही विषयावर मत असे. कात्री खाली ठेवली की तोंडाला कुलूप. लग्नसमारंभात ते भिंतीला टेकून उभे राहत आणि लोकांच्या माना न्याहाळत. कुणाकडे काही मागायचं म्हणजे तर त्यांच्या अंगावर काटा येई. शेजारून शिडी आणायची असली तरी मामीलाच जावं लागे.

धाकट्या मुलीने, कुणालाही न विचारता, दोघांची नावं परदेशच्या सहलीत घातली. दहा दिवस, एक बस, बावीस माणसं, बहुतेक निवृत्त. तिसऱ्या दिवशी मामीला बसमधल्या सगळ्यांची दुखणी, जावई आणि कुलपाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात इथपर्यंत माहिती झाली होती. मामांना फक्त एवढंच कळलं होतं, की पुढच्या सीटवरच्या मॅनेजरसाहेबांचे केस मागून वाकडे कापलेत. हे साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची सगळ्यालाच तक्रार. बस उशिरा निघाली, तक्रार. लवकर निघाली, तरी तक्रार. दर थांब्यावर ते बाजूला जाऊन घरी फोन लावत आणि परत येताना चेहरा आणखी आंबट करून येत.

मामीकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली यादी होती. अठरा नावं. कुणाला अत्तर, कुणाला चॉकलेटचा डबा, कुणाला फ्रिजवर चिकटवायचं चित्र. "जाऊन आलात आणि रिकाम्या हाताने आलात, असं व्हायला नको," असं म्हणत ती दुकानामागून दुकान पालथं घालत होती. सातव्या दिवशी एका गावात खरेदीसाठी दोन तास मोकळे मिळाले, तेव्हा ती टेबलक्लॉथच्या दुकानात शिरली आणि मामा बाहेर उभे राहिले. उभं राहण्याची त्यांना सवयच होती.

बाजूच्या बोळात एक अरुंद काचेचं दार होतं. आत आरसा, फणी, पांढरा डगला. मामांचे पाय आपोआप तिकडे वळले.

आत एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. त्याची भाषा मामांना येईना, मामांची त्याला. मामांनी हवेत दोन बोटांची कात्री चालवली आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने उठून त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यावरचा आणि अनामिकेवरचा घट्टा पाहिला. मग स्वतःचा हात त्याशेजारी धरला. तिथेही तेच दोन घट्टे, त्याच जागी. ओळखपाळख झाली.

त्याने मामांना खुर्चीत बसवलं. ती खुर्ची! ओतीव लोखंडाची, तपकिरी चामड्याची, पाय ठेवायची जाळी हजारो बुटांनी घासून चांदीसारखी झालेली. बाजूची मूठ फिरवली की पाठ अशी मागे जाई, जणू कुणी पाठीखाली हात घालून निजवतंय. गरम टॉवेल, साबणाचा फेस, वस्तरा. चाळीस वर्षं मामा स्वतःची दाढी उभ्याउभ्या, अर्धं लक्ष रस्त्याकडे ठेवून करत आले होते. दुसऱ्याचा हात हनुवटीखाली कसा लागतो, हे ते पार विसरून गेले होते. डोळे कधी मिटले ते त्यांना कळलं नाही.

जाग आली तेव्हा दाढी होऊन गेली होती आणि म्हातारा शेजारी शांत बसून होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरावर गोल केलेली तारीख दाखवली, दोन्ही तळवे दार लावल्यासारखे मिटले. दुकान बंद. मग त्याने खुर्चीवर थाप मारली आणि मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे भंगाराच्या ढिगात हिचीच जोडीदारीण आडवी पडली होती, एक हात तुटलेली.

मामांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. मग त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. खुर्चीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. म्हातारा हसला. मामा हसले नाहीत. तेव्हा म्हाताऱ्याने उठून पाना आणला.

मामी शोधत शोधत आली, तेव्हा नवरा परक्या देशात जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि भोवती लोखंड पसरलं होतं.

"अहो, हे काय मांडलंय?"

"खुर्ची."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"आपली."

मामीने पिशव्या खाली ठेवल्या. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण नवऱ्याच्या गुळगुळीत गालाकडे आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहून ती म्हणाली, "बरं. स्क्रू तरी एका पिशवीत घाला. हरवाल."

खुर्चीचं बूड दोघांना मिळूनही हललं नाही. ते तिथेच ठेवावं लागलं. बाकी राहिलं ते बैठक, पाठ, दोन हात, पायाची जाळी, मूठ आणि मानेची उशी. हॉटेलात सामानाच्या काट्यावर सगळं मिळून अडतीस किलो भरलं. विमानात दोघांना मिळून न्यायचे होते शेहेचाळीस, आणि बॅगा आधीच तिसावर गेलेल्या.

"माझ्या बहिणींना काय सांगू?" मामी म्हणाली. "भेट म्हणून येऊन खुर्चीत बसून जा?" तरीही तिने बॅग उघडली. स्वतःसाठी घेतलेला जाड काचेचा जग बाहेर काढला आणि सहलीच्या लीडर मुलीला देऊन टाकला. मामांनी ते पाहिलं. त्यांनी नुसती बॅगेची चेन लावून दिली. एवढं करूनही बैठक आणि पाठच मावली.

"आता तुम्ही विचारा लोकांना," मामी म्हणाली.

"मी? मी काय विचारू?"

"म्हणजे ठेवायची का इथेच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली तशी मामीनेच लीडरच्या हातातला माइक घेतला. "ऐका हो सगळे. आमच्या ह्यांनी तुमच्यासारखं घड्याळ नाही घेतलं, अत्तर नाही घेतलं. खुर्ची घेतली. ती आता तुकड्यातुकड्याने न्यायची आहे. ज्याच्या बॅगेत जागा असेल त्याने पुण्य घ्या."

मामा खिडकीबाहेर बघत होते, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग मागून एका निवृत्त शिक्षिका बाईंचा आवाज आला, "ती उशी मला द्या." मग एका जोडप्याने जाळी मागितली, कुणी मूठ, कुणी एक हात. दुसरा हात तेवढा राहिला.

"दुसऱ्याचं सामान आपल्या बॅगेत घेऊ नये, असं विमानतळावर शंभरदा सांगतात," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"दुसऱ्याचं कसं?" मामी म्हणाली. "सात दिवस तुमच्या मागच्याच सीटवर बसलाय ना माणूस?"

साहेबांनी लोखंडी हात मागून घेतला, उलटासुलटा केला, आत पोकळ तर नाही ना म्हणून ठोकून पाहिला, आणि स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवला.

परतल्यावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने नेमकी जाळीवाल्या जोडप्याची बॅग उघडली. "हे काय?"

"खुर्चीची जाळी. पाय ठेवायची."

"मग खुर्ची कुठे आहे?"

रांगेतल्या पाच-सहा जणांनी हात वर केले. अधिकाऱ्याने त्या सगळ्या पिकल्या केसांकडे एकदा पाहिलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "न्या बाबांनो, न्या."

बाहेर मात्र गोंधळ झाला. विमान उशिरा आलेलं, घ्यायला आलेली मुलं-सुना ताटकळलेली. जो तो गळ्यात पडून, हात हलवून, आपापल्या गाडीत बसून निघून गेला आणि खुर्ची शहराच्या सहा कोपऱ्यांत पांगली.

मामीकडे सगळ्यांचे नंबर होते. तिने कागदावर पत्ते उतरवून नवऱ्याच्या हातात दिले. "मागायचं काम मी केलं. आणायला तुम्ही जा."

मामांनी आठ दिवस काढले. मग एका सुट्टीच्या दिवशी निघाले. सवयीने हत्यारांची पिशवीही खांद्याला लावली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभं राहणं त्यांना जमेना. मूठ आणि एक हात सहज मिळाला. जाळीवर त्या जोडप्याने गॅलरीतली कुंडी ठेवली होती. नवरा-बायकोत तिथेच थोडी बाचाबाची झाली आणि कुंडी उतरली.

शिक्षिका बाईंच्या घरी दार उघडंच होतं. बाई खिडकीपाशी आरामखुर्चीत वाचत बसल्या होत्या आणि मानेखाली ती चामड्याची उशी होती. मामांना बघून त्या चपापल्या. "थांबा हं, पुसून देते. मानेचं दुखणं आहे माझं, म्हटलं चार दिवस..."

त्यांनी उशी पुसली, एकदा हाताने दाबली आणि पुढे केली. मामांनी ती घेतली, वजन करावं तशी हातात धरली आणि परत बाईंच्या मानेमागे ठेवली. थोडी खाली सरकवली. "अशी ठेवा. मान इथे टेकली पाहिजे."

"अहो, पण तुमची खुर्ची?"

"उशी मी शिवीन," मामा म्हणाले. एवढं लांबलचक वाक्य कात्रीशिवाय बोलल्याचं त्यांना जिना उतरताना लक्षात आलं.

शेवटचं घर मॅनेजरसाहेबांचं. ते दारातच म्हणाले, "फोन करून यायची पद्धत असते." पण हात त्यांनी पॉलिश करून, कागदात गुंडाळून तयार ठेवला होता. मामा तो घेऊन वळणार, तोच आतल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला आणि साहेब धावतच आत गेले. दार अर्धं उघडं राहिलं.

आत खाटेवर एक माणूस पडून होता. चेहरा थेट साहेबांचा, फक्त थकलेला. केस कानांवरून खांद्यापर्यंत आलेले, दाढी छातीला लागलेली.

"थोरला भाऊ," साहेब बाहेर येऊन म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "दीड वर्ष झालं. डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. सहलीला जायचं नव्हतं मला, बायकोने ढकललं. दहा दिवस नर्सवर सोपवून गेलो होतो. चार सलूनवाल्यांना विचारलं, घरी यायला कोणी तयार नाही. एकदा मीच कात्री घेतली, तर कानाला लागली. तेव्हापासून तो कात्री बघितली की मान फिरवतो."

मामांनी लोखंडी हात भिंतीशी ठेवला. पिशवीतून टॉवेल काढला. "गरम पाणी मिळेल?"

त्यांनी आधी कात्री काढलीच नाही. गरम टॉवेल त्या माणसाच्या गालांवर ठेवला आणि नुसते बसून राहिले. टॉवेल निवला, दुसरा ठेवला. तिसऱ्या टॉवेलाला मान सैल पडली. मग कानामागून, अगदी थोडंथोडं, त्यांनी सुरू केलं. एरवी कात्रीबरोबर मामांची जीभ चाले. इथे नुसती कात्री चालली. साहेब भावाची उशी धरून उभे होते. मान कुठे वळवायची ते मामा डोळ्यांनी सांगत आणि साहेब निमूट तसं करत. दीड तास गेला. दाढीखालून हळूहळू हनुवटी बाहेर आली, तिच्यावर लहानपणीचा एक व्रण होता. तो बघून साहेब म्हणाले, "हा माझ्यामुळे पडलेला," आणि बाहेर जाऊन बराच वेळ आले नाहीत.

घरी आल्यावर मामांनी पिशवी खाली ठेवली आणि मामीला सगळं सांगितलं. ओळीने, एकही गोष्ट न गाळता. मामी ऐकत राहिली. तिला मध्ये बोलायची आठवणच झाली नाही.

खुर्ची उभी राहायला आणखी महिना लागला. वेल्डरने नवं बूड करून दिलं. ते फिरतं, पण वरखाली होत नाही, म्हणून उंच गिऱ्हाइकाला मामा पाटावर उभे राहून कापतात. उशी त्यांनी स्वतः शिवली. ती जराशी एका बाजूला झुकते. बसमधली माणसं अधूनमधून येतात, आपण आणलेल्या भागावर थाप मारून बघतात. "या मुठीने माझी अर्धी बॅग खाल्ली होती," असं एक गृहस्थ प्रत्येक वेळी, शेजारच्या खुर्चीवर जो असेल त्याला ऐकवतात.

सुट्टीच्या दिवशी मात्र मामा सलूनमध्ये नसतात. साहेबांनी कुणाला सांगितलं, बाईंनी कुणाला, आणि आता त्यांच्याकडे अकरा घरांचे पत्ते आहेत. कुणी पडलेलं, कुणी जिना न उतरणारं, एक जण नुसता घराबाहेर पडायला घाबरणारा. मामा फोन करून जातात. ती पद्धत ते शिकले.

साहेबांच्या घरी ते महिन्यातून दोनदा जातात. सहाव्या खेपेला काम संपवून त्यांनी थोरल्या भावासमोर आरसा धरला. त्या माणसाने बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मग उजवा हात उचलून कानावरचे केस चिमटीत धरले आणि जड जिभेने, तुटक तुटक म्हणाला, "इथे... अजून."

साहेब आ वासून बघत राहिले. मामांनी पिशवीत टाकलेली कात्री घाईने पुन्हा बाहेर काढली.