थांब्यावर विचारलेलं नाव

वर्ध्याहून पवनारच्या बाजूची एसटी सुटली, तेव्हा माझ्या शेजारी मंदाताई पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. त्या आमच्या संशोधन प्रकल्पातल्या आरोग्यसेविका. पर्समध्ये एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली होती. भाजी पिकवणारी एक बाई (नाव बदलून शोभा म्हणते) दोन महिने गोळ्या न्यायला आली नव्हती. गावात तिचा आजार नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

मी परदेशातल्या विद्यापीठात वीस वर्षं हाच विषय शिकवते. रुग्णाची गुप्तता कशी राखावी, यावर माझी व्याख्यानं होतात! मंदाताई म्हणत होत्या, मागच्या पायवाटेनं हळूच जाऊ. मला घाई. तिच्या गावी उतरल्याउतरल्या मी थांब्यावरच्या पानटपरीवर विचारलं, "शोभाताईंचं घर कुठं?"

मंदाताईंनी माझा दंड दाबला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. इकडे पत्ता सांगत नाहीत, दारापर्यंत पोचवून देतात. टपरीवरचे एक काका उठलेच.

"चाला, नेऊन देतो. दवाखान्यातल्या दिसता जी तुमी?"

मी नुसतीच हसले.

अंगणात चार बायका मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आम्हाला पाहून शोभाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काऊन आल्या वं या?" तिच्या सासूनं विचारलं. सगळ्यांचे हात थांबले. काकाही हलेनात.

"वांगे पाह्याले आल्या," शोभा उठत म्हणाली. "मीच म्हटलं होतं बाजारात, भरताचे वांगे पायजे तं वाडीत या."

"वांग्यासाठी इतक्या दूर?" काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला भरीत फार आवडतं," मी म्हणाले. हे खरं होतं, म्हणून आवाज कापला नाही.

वाडीत (गावालगतच्या भाजीच्या मळ्यात) पोचताच ती माझ्यावर उखडली.

"माहं नाव काऊन घेतलं टपरीवर? गोळ्याच्या रांगेत आमच्या गावचा मानूस दिसला, म्हून मी येनं बंद केलं. अन् तुमी तं घरीच आल्या!"

"चुकलं माझं," मी म्हणाले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मंदाताईंनी बाटली पुढे केली. शोभा आधी घेईना. मग बाटली हलवून म्हणाली, "वाजते हे, घरी सारे इचारतीन." शेवटी तिनं जुन्या फडक्याची चिंधी फाडून बाटलीत कोंबली, पुन्हा हलवली. आवाज नाही. एक गोळी तिथंच विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यानं गिळली आणि बाटली ब्लाउजमध्ये दडवली. मग माझी पिशवी वांग्यांनी भरून दिली, कारण अंगणातून परत जायचं होतं.

बसमध्ये मी वांगी मांडीवर घेऊन बसले. प्रकल्पातले गुप्ततेचे सगळे नियम मीच लिहिलेले होते, आणि त्यांतला एकही तिच्या कामाला आला नव्हता. ती आपल्या हुशारीवर वाचली होती.

मी परदेशी परतल्यावर महिन्याभरानं मंदाताईंचा फोन आला. शोभा बाजारात भेटली, भाजी घेताघेता तिला नवी बाटली दिली.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"इचारत होती, म्याडम खरंच गेल्या ना? गेल्या म्हटलं, तवा तिनं हात पुढं केला."