एकशेवीसची मशीन

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, पोरीपाशी नाही, लोहाऱ्याच्या वर्कशॉपात तीस वर्षं बाजूच्या स्टुलावर बसलेल्या दोस्तापाशीही नाही. तुमच्यापाशी बोलून राह्यलो, कारण तुम्ही मले ओळखत नाही — का ओळखता? जाऊ द्या. बसा.

माहा धंदा मोटर वाइंडिंगचा. जळालेली मोटर खोलायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. शेतातले पंप, गिरण्या, कूलर, सारंच. तीन फेजची मोटर दोन फेजवर चालवून देणारी माणसं आम्ही. आमच्या गल्लीत कोणाच्या घरी करंटचं काही अडलं, का लोक म्हणत, भाऊले बोलवा. हे काहून सांगून राह्यलो? कारण तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याले समजलं नसन. समजत होतं.

माही बायको शोभा. तिचा लहान भाऊ प्रमोद अमेरिकेत राहते. सात-आठ वर्षांआधी तो आला, तवा तिच्यासाठी भरतकामाची मशीन घेऊन आला — कापडावर आपोआप फुलं काढणारी. शोभाच्या हातात कला आहे, हे मी लग्नाच्या साली पाह्यलं होतं आणि मग विसरून गेलतो. तवा बाभुळगावच्या भाचीचं लग्न ठरलं होतं, आणि शोभानं साऱ्या पाहुण्यांसमोर शब्द दिलता, की रुखवत मी करीन, विकतची एक वस्तू मांडू देणार नाही. तोरण, उशांचे अभ्रे, रुमाल. इतक्या वर्षांत तिले एवढ्या मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आता अमेरिकेतला करंट एकशेवीसचा, आपला दोनशेतीसचा. म्हणून प्रमोदनं सोबत एक जड डब्बा आणला, व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर. डब्बा भिंतीत, मशीन डब्ब्यात. आणि डब्ब्यावर त्यानं कागद चिकटवला: "भाऊजी, या डब्ब्याशिवाय मशीन लावू नका."

भाऊजी. म्हणजे मी. साऱ्या घरात तो कागद मलेच होता. ज्या पोट्ट्याले सायकलचा डायनामो खोलून मी दाखवलता, तो मले करंट शिकवून राह्यला.

येता-जाता तो कागद दिसे, आणि मी मनातल्या मनात त्याले उत्तर देत जाई. प्रमोदचा लॅपटॉप, त्याची दाढीची मशीन, हे तर नुसत्या पिनच्या अडॅप्टरवर चालत होतं ना? पण अडॅप्टर म्हणजे काय — तिकडच्या चपट्या पिना आपल्या गोल भोकात बसाव्या, एवढंच. व्होल्टेज तो बदलत नाही. त्या वस्तू दोन्हीकडं चालणाऱ्या होत्या. भरतकामाची मशीन नव्हती. तिच्या प्लेटवर एकशेवीस लिहिलं होतं. मी वाचलं होतं. चष्मा लावून वाचलं होतं.

त्या दुपारी शोभा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाले गेलती. मशीनवर तोरण अर्धं झालेलं — एक मोर काढून झालता, दुसरा बाकी. मी डब्बा काढला. प्रमोदनं मागं ठेवलेला अडॅप्टर लावला. वाइंडिंगमध्ये कंपनी थोडी ढील ठेवतेच, दोन मिनिटं सोसन, असा आमच्या धंद्यातला अंदाज. दुसरा मोर सुरू करायचा, आणि शोभा आली का म्हणायचं, पाहा, तुह्या भावाले काय समजते. बस, एवढंच पाह्यजे होतं मले.

मशीन पळाली. बाप्पा, काय पळाली. तिचा लहानसा दिवा लख्ख झाला, आणि खरं सांगतो, मले आनंद झाला. मग वास आला. जळालेल्या वार्निशचा. तीस वर्षं त्याच वासावर पोट भरलं, तो काय मले कोणी ओळखून द्यायचा?

इथपर्यंत मूर्खपणा होता. मूर्खपणा सारेच करतात. पुढचं सांगतो.

मी खिडक्या उघडल्या. उदबत्ती लावली. डब्बा परत जोडला, कागद सारखा केला, अडॅप्टर खिशात घातला. मागच्या खोलीत जाऊन डोळे मिटून आडवा झालो. शोभा आली, हातपाय धुतले, ओटीतले हरभरे माह्यासाठी वाटीत काढून ठेवले आणि मशीनवर बसली. बटण दाबल्याचा आवाज आला. परत आला. मग तिनं मले हाक मारली.

मी उठून गेलो आणि म्हणालो, "काय केलं तू?"

तीन शब्द. ते आपोआप तोंडातून निघाले — का पडल्या पडल्या तयार केलते? हा प्रश्न मले बसू देत नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात चक्कर मारतो, परत येऊन बसतो. तिचा चेहरा उतरला. "जाताना बटण बंद नसन केलं मी. मंग लाइन कमी-जास्त झाली असन का?" तिनं इचारलं. "असन," मी म्हणालो.

रुखवत विकतचं मांडलं. शोभा त्या लग्नात मागच्या खुर्चीवर बसून होती. प्रमोदले फोनवर तिनंच सांगतलं, माह्याच हातानं जळली रे. आणि मी, वाइंडिंगवाला, मशीन खोलूनही पाह्यली नाही. हिचं सामान इथं भेटत नाही म्हणालो आणि माळ्यावर टाकली. दुसरा मोर राहूनच गेला.

तवापासून शोभा बटणाले हात लावत नाही. मिक्सर, गिझर, इस्त्री, काहीच नाही. "अवो, जरा लावून द्या," म्हणते. मले वाटलं, आठ दिवसांत विसरन.

मागच्या महिन्यात पोरगी नोकरीसाठी जर्मनीले निघाली. आईले इचारत होती, तुह्यासाठी काय पाठवू. "करंटचं काही नको बाई, जाळून टाकीन मी," शोभा हसून म्हणाली. मग माह्याकडं पाहून म्हणे, "पण तुह्या बाबानं त्या मशीनवरून मले एक शब्द कधी ऐकवला नाही. दुसरा असता तर जन्मभर बोलला असता." पोरगी माह्याकडं कौतुकानं पाहून राह्यली. मी खाली पाह्यलं, तर तोही त्यांले चांगुलपणाच वाटला.

अडॅप्टर अजून माह्या हत्यारांच्या पेटीत आहे, पेचकसांच्या खाली.

आज सकाळी चटणी वाटायची होती. शोभानं भांडं बसवलं, झाकण लावलं, दोन पावलं मागं सरकली आणि हाक मारली. मी गेलो. ती भिंतीले टेकून उभी होती, हात पदरात घेऊन. मी बटण दाबलं.