अध्याय मोडला तो दिवस

माझी नात जीव द्यायला निघाली होती आणि मी देवळात पोथी सांगत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला मोठा भक्त समजणार नाही. मी बोलतो आहे आणि गावचे एक निवृत्त गुरुजी लिहून घेत आहेत. भाषा त्यांनी सरळ केली, चुका माझ्याच आहेत. नातीला विचारूनच हे देतो आहे. तिचं नाव मात्र बदललं. गौरी म्हणू.

आमचं गाव बाळापूर तालुक्यात. गौरीची आई काविळीने गेली तेव्हा पोरगी आठवीत होती. वर्षाच्या आत माझ्या मुलाने अमरावतीला दुसरा संसार मांडला आणि गौरी माझ्याजवळ राहिली. माझी बायको तर कधीचीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. दहावीला ती एसटीने अकोल्याच्या हायस्कूलला जायची. तिच्या आईचं नाव मी घरात काढत नसे, तिलाही काढू देत नसे. रडायला लागली की म्हणायचो, "रडून कोणी वापस आलं काय?" मला वाटे मी पोरीला खंबीर करून राहिलो. देवावर माझा राग होता, पण तो मी कोणाला दाखवला नाही. दरवर्षीसारखा श्रावणात मारोतीच्या देवळात सप्ताहाला बसत होतो. आतून मात्र सगळं कोरडं होतं. तोंड चाले, मन चालत नसे.

आणखी एक गोष्ट मी कोणाला दाखवली नव्हती. मला वाचता येत नाही. दुसरीत शाळा सुटली. सुटं अक्षर ओळखतो, पण जोडाक्षर आलं की अडतो, आणि हाताने लिहिलेलं तर मुळीच समजत नाही. पोथी माझ्या वडिलांनी तोंडपाठ करवून घेतली, कोणत्या शब्दावर पान उलटायचं तेसुद्धा. चाळीस वर्षं मी चष्मा लावून, ओळींवरून बोट फिरवत पोथी सांगितली. गावात कोणाला शंका आली नाही. गौरीलाही नाही. सही मात्र माझी अशी झोकदार की तलाठीसुद्धा बघत राही.

त्या पावसाळ्यात गौरीने शाळेतून एक चिठ्ठी आणली. शाळेत एक समुपदेशनाच्या मॅडम होत्या. पोरं त्यांच्या खोलीत जाऊन आपलं दुखणं सांगत. मला ते पटत नव्हतं. घरातलं बाहेर सांगायचं तर घर कशाला, असं मी म्हणायचो. गौरीने चिठ्ठी पुढे धरली आणि ती तिथेच उभी राहिली. मी चष्मा लावला, जरा वेळ कागदाकडे पाहिलं आणि खाली सही ठोकली. तिने विचारलं, "आबाजी, काही म्हणत नाही तुमी?" मी म्हणालो, "काय म्हणू? शाळेचं नेहमीचं असते." ती कागद घेऊन आत गेली. पुढच्या पंधरा दिवसांत अजून दोन चिठ्ठ्या आल्या. दोन्हींवर मी तशीच सही केली. तिसऱ्या वेळी तिने काहीच विचारलं नाही.

त्या चिठ्ठ्यांत काय होतं ते मला फार उशिरा कळलं. पोरगी फार दुःखात आहे, जगावंसं वाटत नाही असं म्हणते, तिला एकटं सोडू नका, ताबडतोब येऊन भेटा, असं होतं. गौरीने ते वाचलेलं होतं. म्हणजे तिच्या लेखी तिच्या आजोबाने हे सगळं वाचलं, सही केली आणि नेहमीचं म्हणून सोडून दिलं. एकदा नाही, तीनदा.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, डोकं दुखते, शाळेत जात नाही. आदल्या दिवशीही गेली नव्हती. मी म्हटलं, झोपून राहा. आणि देवळात गेलो.

आमच्याकडे रीत अशी की अध्याय सुरू झाला की मोडायचा नाही. सांगणाऱ्याने उठायचं नाही आणि त्याला कोणी हाक मारायची नाही. त्या दिवशीचा अध्याय मोठा, दीड तासाचा. अर्ध्यावर आलो असेन. सभामंडपाच्या खांबाशी एक अनोळखी बाई येऊन उभी राहिलेली दिसली. ती पुढे येऊ पाहे आणि आमच्या बाया तिला हाताला धरून खाली बसवत. अध्याय संपू द्या बाई, असं त्यांच्या ओठांवरून मला दिसलं. दोनदा उठली, दोनदा बसवली. मी नजर फिरवली आणि पुढे सांगत राहिलो.

आणि माझ्या तोंडातला शब्द गेला.

कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षांत एक मात्रा चुकली नव्हती. पुढची ओळ समोर उघड्या पोथीत होती, बोट तिच्यावर होतं, आणि मला ती फक्त काळ्या मुंग्यांसारखी दिसत होती. मागची ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच अडलो. टाळ थांबले. कोणी म्हणालं, आबाजीले गहिवरून आलं. माझ्या वयाचा एक सोबती बसल्या जागेवरून म्हणाला, "कावून थांबला बे? चष्मा पोरीचा घालून आला काय?" सगळे हसले. तेवढ्यात ती बाई उठली, सरळ माझ्यापुढे आली आणि हळूच म्हणाली, मी गौरीच्या शाळेतून आली, दोन दिवस ती शाळेत नाही म्हणून, तुमच्या घराचं दार वाजवलं, आतून कडी आहे, कोणी ओ देत नाही.

देवाची हाक ऐकून मी उठलो असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी लाज लपवायला उठलो. सगळ्यांसमोर अडकलो होतो आणि मला उठायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. अध्याय मोडून मी देवळाबाहेर पडलो. शब्द गेला नसता तर अजून पाऊण तास मी तिथेच बसलो असतो.

दाराशी पोचलो तशी मागून माणसंही आली. मी दार ठोठावलं, शिव्या घालणार होतो. त्या बाईने, म्हणजे चिठ्ठ्या पाठवणाऱ्या त्याच मॅडमने, माझा हात धरला. वय असेल तिशीचं, नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकऱ्याची पोरगी. दाराला तोंड लावून ती अगदी साध्या आवाजात बोलत राहिली. गौरी, मी आली. घाई नाही. तू फक्त मला ऐकू येते म्हण. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "त्यायले सर्व मालूम होतं, मॅडम. तीनदा वाचलं त्यायनं."

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. तिने दोष दिला नाही. फक्त विचारलं, "आबाजी, वाचलं होतं?"

मागे अर्धं गाव उभं होतं. तो चष्म्यावर बोललेला सोबतीही होता. मी दाराला कपाळ टेकवलं. "माय, मले वाचता येत नाही," मी म्हणालो. "सही येते फक्त. पोथी पाठ आहे. त्या कागदात काय होतं, मले अजूनही मालूम नाही."

मग कडी निघाली. तिच्या हातात काय होतं ते मी इथे सांगणार नाही. मॅडमने ते काढून घेतलं आणि तिला पोटाशी धरलं. मी उंबऱ्यावरच बसलो.

पुढचं सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. मॅडमने त्याच दिवशी तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला शाळेतल्या त्या लहानशा खोलीत आम्ही दोघं बसू लागलो. मॅडम एकदा स्वतःहून म्हणाल्या, "मी चिठ्ठ्यांवर थांबायला नको होतं, पहिल्याच आठवड्यात तुमच्या गावी यायला पाहिजे होतं." शाळेत वडिलांचा फोन नंबर लिहिलेला, तो लागत नव्हता. चूक कबूल करणारं शिकलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तिथे एकच काम होतं, ऐकायचं. मधे बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. दुसऱ्याच खेपेला मी चिडून उठून गेलो आणि एसटी स्टँडवर जाऊन बसलो. तासाभराने परत आलो. गौरी आईबद्दल बोलत होती. आई शेवटच्या दिवसांत काय खायला मागत होती, कोणी काय दिलं नाही, हे सगळं पोरीच्या पोटात दोन वर्षं पडून होतं आणि मी एकाच छताखाली राहत होतो.

मॅडमने माझ्या मुलालाही बोलावून घेतलं. अमरावतीहून तो एकदाच आला. तासभर खुर्चीच्या कडेवर बसला, मोबाइल उलटासुलटा करत राहिला. गौरीने विचारलं, "बाबा, तुमी मले कधी नेणार होते का?" मोबाइल खिशात टाकून तो उठला. नंतर तो आला नाही. ते दुःख तसंच आहे, ते देवानेही काढलं नाही आणि मॅडमनेही नाही. पण ते विचारल्यावर ती रात्रभर शांत झोपली, हेही मी पाहिलं.

त्या सकाळचा मी पुष्कळ विचार केला. लोक म्हणतात, मारोतीने वाचवलं. गुरुजी म्हणतात, म्हातारपणी असं विसरायला होतं. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की आयुष्यभर मी देवापुढे बसून त्याला माझं पाठांतर ऐकवत होतो, आणि त्याने माझ्यासाठी जे केलं ते माझं पाठांतर काढून घेऊन केलं. शरण जाणं म्हणजे काय ते मी शेकडो वेळा तोंडाने सांगितलं असेल. खरं गेलो तेव्हा माझ्याजवळ एक शब्दही शिल्लक नव्हता. त्या बाईच्या रूपाने जो कोणी खांबाशी उभा होता त्याला माझा दंडवत आहे, आणि बाईला वेगळा.

गौरी आता अकरावीत आहे. वाईट दिवस अजून येतात. परवा दिवेलागणीला भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. म्हणाली, "आबाजी, आज पुन्हा तसं वाटून राहिलं." हजार गोष्टी तोंडाशी आल्या, त्या मी गिळल्या. चुलीवरचा तवा उतरवला आणि तिच्याजवळ खाली बसलो. "सांग," म्हटलं. ती सांगत होती, मी ऐकत होतो. मग तिनेच मॅडमला फोन लावला. त्या दिवशी जेवायला उशीर झाला, भाकरी गार झाल्या होत्या. पण दोघंही जेवलो.